परिचय पाठवा, ८० शब्दांत

दिवाळी अंकांसाठी लेखन पाठवण्याचे दिवस आले, की संपादकांच्या पत्रात शेवटी एक ओळ हमखास असते: "सोबत आपला अल्पपरिचय व छायाचित्र पाठवावे." लेखावर दोन महिने खपलेली माणसे या चार ओळींपाशी येऊन अडतात. म्हणून मागच्या अंकात आम्ही स्वतःचा परिचय लिहिण्याविषयी वाचकांचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील सात येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

दिवाळी अंकाने ६० ते ८० शब्दांत परिचय मागितला आहे. माझा ३०० शब्दांचा झाला. जन्म, शिक्षण, ३१ वर्षांची नोकरी, बदल्या, पुरस्कार, मंडळांची सदस्यत्वे... यातले काय काढू? लेख जात्यावरच्या ओव्यांवर आहे. परिचयाची प्रत सोबत जोडली आहे. (निवृत्त शिक्षिका, सातारा)

तुमचा परिचय लेखाच्या शेवटी, लहान टायपात छापला जाईल. तो वाचणारा एक तर नुकताच तुमचा लेख वाचून थांबलेला असेल, नाही तर लेख वाचावा की पान उलटावे या विचारात असेल. दोघांच्याही मनात एकच प्रश्न असतो: ओव्यांवर लिहिणारी ही बाई कोण आणि हिला हे कुठून ठाऊक? या प्रश्नाला जे उत्तर देते ते ठेवायचे. बाकी सगळे खरे असले, कष्टाने मिळवलेले असले, तरी या ८० शब्दांत त्याला जागा नाही.

ही फूटपट्टी लावली की जन्मतारीख जाते, डी.एड.चे वर्ष जाते, मंडळांची सदस्यत्वे जातात. बदल्याही जातील असे वाटते, पण तुमच्या बाबतीत त्या राहायला हव्यात. पाठवलेल्या परिचयात अगदी खाली एक ओळ आहे: माण आणि खटाव तालुक्यांतल्या शाळांवर असताना विद्यार्थ्यांच्या आज्यांकडून सुमारे ४०० ओव्या लिहून घेतल्या, प्रत्येकीखाली गाणारीचे नाव-गाव आहे. ही ओळ तळाशी का गेली, तर आपण परिचय जन्मापासून क्रमाने लिहितो म्हणून. नोकरीच्या अर्जात तो क्रम ठीक असतो. येथे मात्र वाचक जन्मगाव, शाळा, महाविद्यालय ओलांडेपर्यंत दमतो आणि ओव्यांपर्यंत पोहोचतच नाही. ती ओळ उचलून पहिली करा:

"माण आणि खटाव तालुक्यांतील शाळांत शिकवताना विद्यार्थ्यांच्या आज्यांकडून जात्यावरच्या सुमारे ४०० ओव्या उतरवून घेतल्या. प्रत्येक ओवीखाली गाणारीचे नाव, गाव आणि तारीख नोंदवलेली आहे. माहेर, पाऊसपाणी आणि लेकीचे सासर अशा विषयांनुसार या ओव्यांची जुळणी सध्या सुरू आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत १९८८ ते २०१९ अध्यापन. वास्तव्य सातारा."

हे ४६ शब्द झाले. उरलेल्या जागेत ओव्यांवरचा आधी छापून आलेला एखादा लेख, कोठे आणि कोणत्या वर्षी, एवढे घालता येईल. एखादा पुरस्कार घालायचा असेल तर तो कोणी दिला आणि केव्हा, हे त्याच ओळीत हवे. "अनेक पुरस्कारांनी सन्मानित" या शब्दांवर वाचकाचा विश्वास बसत नाही. एका पुरस्काराचे नाव, देणारी संस्था आणि साल यांवर बसतो. ज्या पुरस्कारासाठी नोंदणी शुल्क भरावे लागले, तो अजिबात घालू नका. अशी नावे ओळखणारे वाचक पुष्कळ आहेत आणि त्या एका ओळीमुळे तुमच्या ४०० ओव्यांकडेही ते संशयाने पाहतील.

"अनेक", "विविध", "विपुल", "सातत्याने" हे शब्द दिसले की थांबा. यातल्या प्रत्येकामागे एक आकडा किंवा एक नाव दडलेले असते. ते सापडले तर शब्दाच्या जागी ठेवा. सापडले नाही तर शब्द काढा. "गेली ३१ वर्षे" असेही लिहू नका. दिवाळी अंक वाचनालयात वर्षानुवर्षे राहतो आणि वाचणाऱ्याला "गेली" कुठून मोजायची ते कळत नाही. "१९८८ ते २०१९" कधी शिळे होत नाही.

कापताना आधी विशेषणे काढा, मग पदव्या, मग सदस्यत्वे. गावांची नावे, आकडे आणि कामाची नावे सर्वांत शेवटी. जागा कमी पडली की अंकाचे पान लावणारा माणूस बहुधा खालून ओळी काढतो, म्हणून जे गेले तरी चालेल तेच तळाशी असू द्या. वरच्या नमुन्यात "वास्तव्य सातारा" शेवटी आहे ते याचसाठी.

वय २९, पुण्यात संगणक कंपनीत नोकरी. किल्ल्यांवर लिहितो. पुस्तक नाही, पुरस्कार नाही, सगळे चारचौघांसारखे. जुन्नरकडच्या किल्ल्यांवरची पाण्याची टाकी मोजत फिरतो, एवढेच काय ते वेगळे. परिचय वाचनीय कसा होईल? मित्र म्हणतात, दोन विनोद टाक. (पुणे)

विनोद टाकू नका. "पोटासाठी अभियंता, मनाने भटका" या धर्तीचे वाक्य वाचकाने इतक्या ठिकाणी पाहिलेले असते, की त्यावरून नजर न थांबता पुढे जाते. शिवाय परिचय पुनःपुन्हा वापरला जातो आणि तोच विनोद दुसऱ्यांदा वाचवत नाही.

वाचनीयता तपशिलातून येते आणि तुमच्याकडे तपशील आहे. तो "एवढेच काय ते" म्हणून बाजूला सारलात, ही खरी अडचण. एक कोरा कागद घ्या आणि २० मिनिटांत स्वतःच्या कामाविषयी २० वाक्ये लिहा. अट एकच: "आवड", "छंद" आणि "प्रेम" हे शब्द वापरायचे नाहीत. ते बंद केले की हात आपोआप क्रियापदांकडे वळतो: मोजतो, काढतो, नोंदवतो, विचारतो, चढतो. मग प्रत्येक वाक्याला विचारा: कोठे? किती? केव्हापासून? कशाने? "गडकिल्ल्यांची आवड आहे" या वाक्याला यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. "टाकी मोजतो" याला चारही देता येतात.

पुढची पायरी म्हणजे निवड. २० पैकी ३ वाक्ये ठेवायची. निवडताना ते वाक्य तुमच्याच कार्यालयातल्या, शनिवार-रविवारी डोंगरात जाणाऱ्या सहकाऱ्याच्या नावाखाली ठेवून पाहा. तिथेही शोभले तर ते तुमचे नाही. तुमच्या पत्रातल्या माहितीवरून असे काहीसे होईल:

"जुन्नर परिसरातील शिवनेरी, चावंड, हडसर आणि जीवधन या चार किल्ल्यांवरची पाण्याची टाकी २०१९ पासून मोजपट्टीने मोजतो आणि प्रत्येकाचा आराखडा कागदावर काढतो. मे महिन्यात कोणत्या टाक्यात किती पाणी उरते याची नोंद ठेवतो. आठवड्याचे पाच दिवस पुण्यात संगणक अभियंता. सध्या हडसरचे आराखडे पूर्ण करत आहे."

नोकरी लपवलेली नाही आणि तिच्यावर जोरही दिलेला नाही. ती एका वाक्यात आली, की वाचकाला कळते की हा माणूस सुट्टीच्या दिवसांत हे करतो, आणि कामाचे मोल त्याचे त्यालाच वाटते. शेवटच्या वाक्यात सध्या चाललेले काम आहे. संपलेल्या कामांच्या यादीपेक्षा अपुरे काम वाचकाला जास्त ओढते. पुढचा लेख कशावर येणार याची त्याला चाहूल लागते.

मोठा दावा मात्र जपून करा. "सह्याद्रीतील सर्व किल्ले पालथे घातले" असे लिहिलेत, तर न पाहिलेल्या किल्ल्याचे नाव कळवणारा वाचक भेटतोच. चार किल्ले म्हणजे चारच लिहा.

मसुदा झाला की एक रात्र जाऊ द्या. सकाळी मोठ्याने वाचा आणि पहिले वाक्य झाकून पाहा. पुष्कळदा पहिले वाक्य नुसते घसा साफ करण्यासाठी लिहिलेले असते आणि परिचय खरा दुसऱ्यापासून सुरू होतो.

समर्थांनी मूर्खाची लक्षणे सांगताना पहिल्या काहींतच स्वतःची स्तुती करणारा धरला आहे. मग परिचय लिहावा तरी कसा? त्यात स्वतःच स्वतःला "त्यांनी विपुल लेखन केले आहे" असे म्हणायचे, हे फार कृत्रिम वाटते. "मी" लिहिले तर चालेल का? (भूगोलाचे शिक्षक, कोल्हापूर)

समर्थांच्या त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगणाराही मूर्खांतच आहे. तो भाग सहसा विसरला जातो आणि "सुप्रसिद्ध अमुक यांचे नातू" अशी सुरुवात होते. आजोबांचे काम तुम्ही पुढे नेत असाल, त्यांची कागदपत्रे लावत असाल, तर त्यांचा उल्लेख योग्यच. नुसत्या नात्यासाठी नको.

स्तुती आणि माहिती यांच्यातली सीमा अवघड नाही. जे दुसऱ्याने म्हणायचे ते स्तुती: सिद्धहस्त, व्यासंगी, लोकप्रिय, संवेदनशील. जे तुम्हीच सांगू शकता ते माहिती: काय केले, कोठे, किती दिवस, काय जमले नाही. तुकोबांचा स्वतःविषयीचा अभंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. बोलू नये, पण संतांनी विचारले म्हणून सांगतो, असे म्हणून ते जात सांगतात, व्यवसाय सांगतात, दुष्काळात गेलेले द्रव्य आणि मान, अन्नावाचून गेलेली बायको, धंद्यात आलेली तूट आणि मोडके देऊळ नीट करावेसे वाटले ते सांगतात. सगळी माहिती आहे, आणि तीही खडतर. स्वतःचे परिचय लिहिणाऱ्याला मराठीत यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

आता "मी" की "ते". परिचय कोणाच्या तोंडी आहे यावर हे ठरते. मासिक, दिवाळी अंक, पुस्तकाचे मलपृष्ठ, कार्यक्रमपत्रिका येथे बोलणारा प्रकाशक किंवा संपादक असतो, म्हणून तृतीयपुरुष. तुमचे स्वतःचे पत्रक, स्वतःचे संकेतस्थळ किंवा कोणाला पाठवलेले पत्र असेल तर वाचक तुमच्या दारात आलेला असतो. तेथे "मी"च हवे. "ते" वापरलेत तर घरच्या यजमानाने पाहुण्याशी मध्यस्थामार्फत बोलल्यासारखे होते.

तृतीयपुरुषात मराठीची एक खास अडचण आहे. "तो लिहितो" म्हणावे तर उणे वाटते, "ते लिहितात" म्हणावे तर आपणच आपल्याला आदरार्थी बहुवचन लावतो. यावर उपाय भाषेतच आहे: क्रियापद गाळा किंवा नाम पुढे आणा. "भूगोलाचे अध्यापन. पंचगंगेच्या पुरांवर तीन लेख." अशी वाक्ये मराठीला सहज पेलतात, त्यात "ते" येत नाही आणि लिंगही अडत नाही. ज्या अंकाला पूर्ण वाक्ये हवी असतील तेथील उपसंपादक "त्यांनी" आपल्या हाताने घालतात. मात्र सरमिसळ टाळा. "त्यांचे लेख प्रसिद्ध आहेत" असे सुरू होऊन "आपला अभिप्राय मला जरूर कळवा" असे संपणारे परिचय दर वर्षी येतात.

स्वतःच्या नावामागे "श्री." किंवा "सौ." लावू नका. "प्रा." लावण्याऐवजी काय शिकवता ते लिहिणे बरे. "डॉ." मात्र उलगडून सांगायलाच हवे. लेख आरोग्यावर असेल आणि तुमची डॉक्टरेट इतिहासातली असेल, तर वाचक तुमचे म्हणणे वैद्यकीय सल्ला म्हणून घेईल, आणि तो धोका त्याच्या प्रकृतीला आहे.

लग्नाआधी कविता माहेरच्या नावाने छापून आल्या, नंतर कथा सासरच्या नावाने. आता टोपणनाव घ्यावेसे वाटते. परिचयात कोणते नाव? (नागपूर)

वाचकाला तुमचे जुने आणि नवे लेखन जोडता आले पाहिजे, एवढे सांभाळा. राम गणेश गडकऱ्यांनी कविता "गोविंदाग्रज" या नावाने, विनोदी लेखन "बाळकराम" या नावाने आणि नाटके स्वतःच्या नावाने लिहिली. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कविता "आरती प्रभू" म्हणून लिहिली. प्रकार वेगळा म्हणून नाव वेगळे, हे मराठी वाचकाला नवे नाही. एकाच प्रकारात नाव बदलले की मात्र तो हरवतो. तेव्हा कवितेला जुने नाव आणि कथेला टोपणनाव चालेल. कथेला दोन नावे नकोत. बदल केलात तर निदान पहिली दोन-तीन वर्षे परिचयात एक जोडवाक्य ठेवा: "यापूर्वीच्या कथा अमुक नावाने प्रसिद्ध."

मानधन बँक खात्यावरच्या नावानेच येते, म्हणून ते नाव आणि खात्याचा तपशील कार्यालयाला वेगळ्या कागदावर कळवा, परिचयात नको. आणि नावाखाली "नाव असेच छापावे" असे जरूर लिहा. तुम्ही आयुष्यभर "सुनिता" लिहीत असाल तर मुद्रितशोधक ते नियमानुसार "सुनीता" करील; "कुळकर्णी"चे "कुलकर्णी" होईल. चूक त्याची नाही, तुम्ही सांगितलेले नसते.

चिपळूणला घरी मसाले करते, हाताखाली तिघी आहेत. पुडीसोबत द्यायच्या पत्रकावर आणि संकेतस्थळावर "परंपरा, शुद्धता आणि विश्वास हीच आमची ओळख" असा परिचय छापला. गिऱ्हाईक चव चांगली म्हणते, पण पत्रक कोणी वाचत नाही. (चिपळूण)

ते तीन शब्द दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक पुडीवर असतात, म्हणून डोळा ते वाचत नाही. मसाला विकत घेणाऱ्याला जाणून घ्यायचे असते ते वेगळेच: हे कोण करते, यात काय घालते, केव्हा केले आणि काही बिघडले तर कोणाला सांगायचे. परिचयाने एवढेच सांगावे. आणि "आम्ही" काढून "मी" लिहा. "आम्ही" म्हटले की कारखाना डोळ्यांपुढे येतो, आणि तुमच्याकडून घेण्याचे कारणच हे आहे की तो कारखाना नाही.

"मी चिपळूणला राहते. मार्च ते मे या महिन्यांत मिरच्या उन्हात कडकडीत वाळवून, देठे काढून साठवते, कारण आमच्याकडच्या पावसात त्या नीट वाळत नाहीत. गोडा मसाला एका वेळी १० किलोपेक्षा जास्त करत नाही. धणे, खोबरे, तीळ आणि दगडफूल वेगवेगळे भाजावे लागतात आणि घाणा मोठा झाला की तीळ करपतात. कामात माझ्यासोबत तिघी आहेत. मसाल्यात तीळ आहेत, शेंगदाणे नाहीत. पुडीवर भाजणीची तारीख असते. चव वेगळी वाटली तर ती तारीख सांगून फोन करा."

महिने आणि वजने तुमच्या कामाप्रमाणे बदला, पण अंदाजाने काही लिहू नका. "घाणा मोठा झाला की तीळ करपतात" हे वाक्य स्वतः भाजणाऱ्यालाच सुचते, आणि त्यातून वाचकाला जी खात्री पटते ती "शुद्धता" शब्दातून पटत नाही. तीळ असल्याचे सांगणे काहींच्या दृष्टीने फार गरजेचे असते, कारण तिळाची ॲलर्जी असते. "आजीची पाककृती" लिहायचे असेल तर आजी नेमके काय वेगळे करायची ते सांगा, नाही तर तिला घरीच राहू द्या.

पचनावर, मधुमेहावर, सांधेदुखीवर गुणकारी असे काहीही लिहू नका. अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करायला कायद्याने मनाई आहे. अन्नसुरक्षेचा १४ अंकी क्रमांक पुडीच्या वेष्टनावर असायला हवाच, पत्रकावरच्या परिचयात त्याची गरज नाही. तिघींची नावे किंवा फोटो छापणार असाल तर आधी त्यांना विचारा. पत्रक पोस्टकार्डाएवढे, ८० ते ९० शब्दांचे आणि निदान १२ पॉइंट टायपाचे ठेवा. ते स्वयंपाकघरात, चष्म्यावाचून वाचले जाते.

लंडनमध्ये एका मराठी कार्यक्रमात वारली चित्रकलेवर बोलणाऱ्या पाहुण्यांचा परिचय मला करून द्यायचा आहे. त्यांनी दोन पाने पाठवली आहेत. (लंडन)

सावकाश आणि स्पष्ट वाचले तर मिनिटाला १०० ते १२० मराठी शब्द होतात. परिचय एका मिनिटाचा, फार तर दीड मिनिटांचा ठेवा. दोन पाने वाचलीत तर पाहुण्या बोलायला उठेपर्यंत सभागृह थकलेले असेल, आणि ते पुन्हा जागे करण्याचे काम त्यांच्यावर पडेल.

कानासाठी लिहिणे वेगळे असते. "ज्यांनी अमुक केले, ज्यांना तमुक मिळाले, अशा" हे वाक्य कागदावर उभे राहते, पण बोलताना क्रियापद येईपर्यंत श्वास संपतो आणि ऐकणारा सुरुवात विसरतो. एका वाक्यात एक गोष्ट, साधारण १२ शब्दांच्या आत. साल आकड्यांत लिहू नका, "दोन हजार अठरा" असे अक्षरांत लिहा. व्यासपीठावर आकडा वाचताना जीभ अडखळते, आणि परदेशात वाढलेल्या सूत्रसंचालकाची अधिकच. पाहुण्यांचे नाव आणि गावाचे नाव कसे उच्चारायचे ते आदल्या दिवशी त्यांना फोनवर विचारून घ्या.

नाव शेवटी घ्या. विषयापासून सुरू करा: लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नविधीचे चौकोनी चित्र, लिहिणाऱ्या बायकांची ही कला. मग पाहुण्यांचे त्या कलेशी नाते दोन-तीन वाक्यांत, मग आज त्या कशावर बोलणार, आणि मग नाव. नाव ऐकताच टाळ्या पडतात आणि त्या टाळ्यांतच पाहुण्या उठून ध्वनिक्षेपकापाशी येतात. नाव आधी घेतलेत तर टाळ्या मध्येच पडतील आणि तुमचा उरलेला परिचय कोणी ऐकणार नाही. त्यांच्या भाषणातला किस्सा मात्र परिचयात सांगून टाकू नका. काय सांगणार नाही, हेही त्यांना फोनवरच विचारा.

इन्स्टाग्रामवर १५० अक्षरांत परिचय बसवायचा आहे. इंग्रजीत बसतो, मराठीत बसत नाही. असे का? मी कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कीटकांचे फोटो काढते. (नाशिक)

ती मर्यादा आपल्या अर्थाच्या अक्षरांची नाही, कॅरेक्टरची आहे. देवनागरीत प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्हसुद्धा वेगळे मोजले जाते. "स्त्री" डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण त्यात ६ कॅरेक्टर आहेत. "ज्ञानेश्वर"मध्ये अक्षरे ४ आणि कॅरेक्टर १०. त्यामुळे १५० मध्ये मराठीचे साधारण २० ते २५ शब्दच मावतात. जोडाक्षरे कमी असलेले शब्द निवडा, तेवढीच जागा मिळते: "छायाचित्रण"ऐवजी "फोटो", "वास्तव्य नाशिक"ऐवजी नुसते "नाशिक".

"नाशिक. द्राक्षबागेतले कीटक ओळखते, त्यांचे फोटो काढते. कृषी पदवी, तिसरे वर्ष. दर रविवारी एक कीटक."

हे १५ शब्द, मोकळ्या जागांसह ९६ कॅरेक्टर. "दर रविवारी एक कीटक" हे वचन आहे. पाळता येणार असेल तरच ठेवा.

परिचय पाठवताना काय बिघडते, याविषयी चार-पाच पत्रांत विचारणा होती. मजकूर युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी उमटते त्याच पद्धतीत) टाइप करून पाठवा आणि सोबत त्याचीच पीडीएफ जोडा. काही छापखाने अजून जुन्या फाँटवर पाने लावतात. रूपांतरात "ऱ्या", "ऱ्हा", "ॲ" आणि रफार तुटतात, आणि मूळ काय होते ते पीडीएफवरूनच कळते. फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार घटतो. तो डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा. दीड इंच बाय दोन इंच छपाईसाठी ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, निदान ४५० बाय ६०० पिक्सेल लागतात. सामूहिक फोटोतून कापलेला चेहरा बहुधा तेवढा भरत नाही.

जन्मतारीख, घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक छापील परिचयात देऊ नका. पूर्ण नाव आणि जन्मतारीख एकत्र मिळाली की बँकेच्या नावाने फोन करणाऱ्या ठगांचे काम सोपे होते. वाचकांनी संपर्क करावा असे वाटत असेल तर त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता उघडा.

परिचयाच्या तीन लांबी तयार ठेवा: २० शब्द, ८० शब्द आणि २०० शब्द. प्रत्येकीच्या वर शेवटची दुरुस्ती केल्याची तारीख घाला. दर जून महिन्यात त्या उघडून "सध्या" या शब्दापुढचे वाक्य आधी तपासा, कारण सर्वांत लवकर तेच खोटे होते.